पहिला पूर, चढणीचा मासा आणि रस्त्याखालची नळी



विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि अर्जुनी मोरगावकडे पावसाचा पहिला दणकाही साधारण त्याच सुमारास बसतो. बांधीत पऱ्हे टाकून झालेले असतात, नाले गढूळ होऊन धावायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी कमी भरते. मुलं कुठे गेली हे विचारावं लागत नाही. तलावाच्या सांडव्याखाली, नाल्यावरच्या रपट्यावर, कुठे मच्छरदाणीचा तुकडा तर कुठे जुनी टोपली घेऊन ती उभी असतात. मासा चढतो आहे ना!

दोन वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा असाच दांडी मारून दुसऱ्या दिवशी आला. मी रागावायच्या आधीच त्याने प्रश्न टाकला, "सर, पाणी खाली जाते तर मासा वर काहून जाते?" मी घाईघाईत "अंडी घालायला" असं उत्तर दिलं. तो म्हणाला, "अंडी खाली नाही घालता येत का?" आणि मग, "पाणी जास्त असलं का जास्त मासा चढते का?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी "हो" म्हणून मोकळा झालो होतो, आणि ते उत्तर चूक होतं. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे असं समजा.

या प्रश्नाचा जगात सगळ्यात जास्त अभ्यास ज्या माशावर झाला, तो आपल्याकडे नाही. तो आहे सॅमन. टीव्हीवर तुम्ही पाहिला असेल: धबधब्यातून उड्या मारणारा लालसर मासा आणि वर तोंड उघडून उभं असलेलं अस्वल. हा मासा गोड्या पाण्याच्या नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत, बहुतेक वेळा आपल्या जन्माच्याच ओढ्यात परततो. कॅनडाच्या फ्रेझर नदीतले काही सॅमन हजार किलोमीटरहून जास्त अंतर प्रवाहाच्या विरुद्ध चढून जातात. आपल्या नाल्यातला मासा दोन-चार किलोमीटर चढत असेल. पण दोघांचा सामना एकाच गोष्टीशी असतो, ती म्हणजे समोरून येणारं पाणी. म्हणून सॅमनवर जे शिकायला मिळालं त्यातलं बरंचसं आपल्या सांडव्यापाशी उभं राहून समजून घेता येतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. माशाला पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रवास करणाऱ्या माशाला नुसतं पाणी पुरत नाही, वाहतं पाणी लागतं, आणि तेही ठरावीक वेळी, ठरावीक वेगाने. तलाव काठोकाठ भरलेला असला तरी वाहणं नसेल तर त्याच्यासाठी निरोपच आलेला नसतो.

हा निरोप म्हणजे काय? सॅमन नदीच्या मुखाशी येऊन थांबतात. नदी रोडावलेली असेल तर दिवसचे दिवस थांबतात. वर डोंगरात पाऊस झाला, पाणी वाढलं, थोडं गढूळ झालं, थंड झालं की ते आत शिरतात. त्या पाण्यात वरच्या मातीचा, झाडपाल्याचा, दगडांवरच्या शेवाळाचा वास असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅसलर या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून दाखवून द्यायला सुरुवात केली की सॅमन आपला जन्माचा ओढा वासावरून ओळखतो. पुढे त्याच्या गटाने लहान सॅमनना एका विशिष्ट रसायनाच्या वासाची सवय लावली, ते मोठे झाल्यावर तोच वास एका वेगळ्याच ओढ्यात सोडला, आणि मासे त्या ओढ्यात आले! म्हणजे प्रवाह हा एका अर्थी टपाल आहे. वरच्या गावची चिठ्ठी तो खाली घेऊन येतो. प्रवाहच आटला तर चिठ्ठी पोचणार कशी?

आपल्याकडचे मासे असे जन्मगावचा वास हुंगत परततात की नाही, त्यात आपण शिरू नको. पण पुराचा निरोप त्यांना लागतो हे मात्र नक्की. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या जेवणातले मासे निसर्गात पावसाळ्यात, वाहत्या नदीत, पूर पसरलेल्या उथळ जागी अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची मादी अंड्यांनी भरलेली असते, पण अंडी घालत नाही. रोहूच्या मादीत वजनाच्या एका किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात आणि तरीही प्रवाह नाही म्हणून ती तशीच राहतात, शेवटी शरीरातच विरून जातात. ही अडचण इतकी मोठी होती की मत्स्यपालन करणाऱ्यांना दरवर्षी नदीतून बारीक पिल्लं धरून आणावी लागत. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात १९५७ साली माशाच्याच मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावलं. तो दिवस होता १० जुलै, म्हणून आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. शाळेत दिनविशेषाच्या फळ्यावर हा दिवस लिहायला हरकत नाही, निदान आपल्या जिल्ह्यात तरी.

आणि गंमत बघा. इंजेक्शन सापडलं, तरी मत्स्यबीज केंद्रात आजही पाणी गोल फिरतं ठेवतात. सिमेंटचं वाटोळं टाकं असतं, त्यात बाजूने पाणी असं सोडतात की ते चक्राकार वाहत राहावं. याला चायनीज हॅचरी म्हणतात. मासा त्या टाक्यात प्रवाहाला तोंड करून पोहतो. म्हणजे आपण माशासाठी टाक्यात छोटी नदीच करून ठेवलेली असते. मुलांना सहलीला नेण्याजोगी ही जागा आहे.

आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. अंडी खालीच का नाही घालायची?

सॅमनचं उत्तर असं, की त्याची मादी शेपटीने वाळू-गोट्यांत खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे ओढते. त्या गोट्यांमधून थंड, ताजं पाणी सतत झिरपत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. असा स्वच्छ गोट्यांचा तळ वरच्या अंगाला असतो, खाली नदी गाळाने भरलेली असते. रोहू-कटल्याचं उत्तर वेगळं. त्यांची अंडी कशाला चिकटत नाहीत, प्रवाहाबरोबर तरंगत-लोळत खाली येतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. अंडी खाली वाहून जाणार हे ठरलेलंच असेल तर आईने आधी वर जायला हवं, नाहीतर पिल्लं भलतीकडेच पोचतील. आईने वर जाऊन सोडायचं, प्रवाहाने वाटेतल्या पसरट, कोमट, खाद्याने भरलेल्या पाण्यात नेऊन टाकायचं. मरळ आणखी निराळा. तो नाल्यातून बांधीत शिरतो, उथळ पाण्यात गवताआड अंडी घालतो आणि नर-मादी राखण करतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत लालसर पिल्लांचा थवा आणि त्याच्या खाली दबा धरलेला मोठा मरळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आणि काही मासे तर अंड्यांसाठी नाहीच, नव्याने बुडालेल्या जमिनीतल्या किड्या-गांडुळांसाठी चढतात. तेव्हा "अंडी घालायला" हे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं, पण अर्धवट होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला होता. पाणी जास्त, तर मासा जास्त?

इथे गणिताच्या तासाला वळू या. शिष्यवृत्तीच्या पुस्तकात नाव आणि प्रवाहाची उदाहरणं असतात ना, तीच. माशाला दोन प्रकारचं पोहणं येतं. एक निवांत पोहणं, जे तो तासन् तास करू शकतो. दुसरी मुसंडी, जी काही सेकंदच टिकते. मग दम लागतो आणि त्याला कुठेतरी आडोशाला थांबावंच लागतं. समजा एक मासा मुसंडी मारून सेकंदाला २ मीटर जातो आणि ती १० सेकंद टिकते. समोरून पाणी सेकंदाला दीड मीटरने येतंय. म्हणजे मासा सेकंदाला अर्धा मीटरच पुढे सरकेल आणि १० सेकंदांत ५ मीटर जाईल. आता वाटेत रस्त्याखाली ८ मीटर लांबीची सिमेंटची गुळगुळीत नळी आहे. मासा ५ मीटर जाऊन थकला. आत थांबायला दगड नाही, खळगा नाही. तो वाहून परत खाली आला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा परत. पाणी ओसरून सेकंदाला १ मीटरवर आलं की तोच मासा १० सेकंदांत १० मीटर जाईल आणि नळी पार करेल. आणखी दोन दिवसांनी नळीत बोटभरच पाणी उरलं, तर वेग कमी असूनही त्याची पाठ उघडी पडेल, शेपटीला ढकलायला पाणीच मिळणार नाही. (आकडे मी सोयीचे घेतले आहेत. प्रत्येक माशाचा वेग आणि दम वेगळा असतो.)

म्हणजे उत्तर काय आलं? जास्त पाण्यात मासा निघतो, पण सगळ्यात जास्त पाण्यात चढत नाही. निघायला पूर लागतो आणि चढायला बहुतेक वेळा उतरता पूर. अटलांटिक महासागराकडच्या नद्यांत सॅमनला गळ टाकणारे लोक हे अनुभवाने ओळखतात, पूर ओसरायला लागला की ते नदीवर जातात. आमच्याकडच्या एका ढिवर काकांना मी विचारलं तर ते म्हणाले, "गढूर पानी आला का मासा निंगते जी गुर्जी, पन पानी जराक थंडावल्याबिगर वर येत नाही." मला पुस्तकात चार पानं वाचून जे कळलं ते त्यांनी विडी विझवता विझवता सांगितलं.

एक शंका तुम्हाला आली असेल. नैसर्गिक नाल्यात तर पाणी नळीपेक्षाही जोरात धावताना दिसतं, मग तिथे मासा कसा चढतो? कारण नाल्यात पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. मध्यभागी पाणी सुसाट असतं, काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे मंद. प्रत्येक मोठ्या दगडामागे, झाडाच्या मुळाशी, वळणावर एक शांत खिसा असतो. मासा मुसंडी मारतो, दगडामागे थांबतो, दम घेतो, पुन्हा मुसंडी. आपण उंच जिना चढताना मधल्या पायरीवर टेकतो तसंच. सॅमन धबधब्यातून उडी मारतो तीसुद्धा कशीही नाही. धबधब्याच्या पायथ्याशी खोल डोह असला, तर पडलेलं पाणी खालून पुन्हा वर उसळतं. त्या उसळीचा फायदा घेऊन तो उडतो. पायथ्याशी डोह नसून नुसता खडक असेल तर उंची कमी असूनही त्याला उडता येत नाही.

आणि सॅमनची एक वाढीव अडचण आहे. नदीत शिरल्यावर तो खाणं बंद करतो. समुद्रात साठवलेली चरबी हाच त्याचा सगळा शिधा. जोराच्या पाण्यात जास्त झगडला, वाट शोधण्यात दिवस गेले, किंवा पाणी कमी होऊन तापलं, तर शिधा वाटेतच संपतो. २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचं पाणी इतकं तापलं की सुमारे अडीच लाख सॉकाय जातीचे सॅमन वाटेत मेले. तिथे कोणी जाळं टाकलं नव्हतं.

प्रवाहच भिंत होतो याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण त्याच फ्रेझर नदीवर आहे. तिथे एक अरुंद घळ आहे, नाव हेल्स गेट, म्हणजे नरकाचं दार. नदी तिथे जेमतेम ३५ मीटर रुंद होते. १९१३ साली काठाने रेल्वेमार्ग खोदताना फोडलेले दगड नदीत पडले आणि १९१४ मध्ये मोठी दरड कोसळली. नदी बंद झाली नाही, पाणी वाहतच होतं. फक्त आधीच अरुंद असलेली जागा आणखी अरुंद झाली आणि पाण्याचा वेग वाढला. एवढ्याने लाखो सॅमन खाली अडकले. पुढची कित्येक वर्षं त्या नदीतली मासेमारी बसली. मग १९३८ पासून विल्यम थॉम्पसन या शास्त्रज्ञाच्या देखरेखीत माशांना खुणेच्या चकत्या लावून अभ्यास झाला. त्यात दिसलं की नदीची पातळी काही ठरावीक उंचीच्या दरम्यान असली की मासे अडतात, आणि ती बदलली की सुटतात. म्हणजे बघा, माझ्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न तिकडच्या सरकारांनाही सोडवावा लागला होता! १९४५-४६ मध्ये तिथे काठाने सिमेंटचे खास मार्ग बांधले, ज्यात आडव्या भिंतींमागे माशांना थांबायला जागा असते. २०१९ मध्ये त्याच नदीवर बिग बार इथे पुन्हा दरड कोसळलेली आढळली आणि पुन्हा तेच झालं: पाणी जोरात असेपर्यंत मासे अडकून राहिले, ओसरल्यावर काही आपले आपण चढले.

आता आपल्या तालुक्यात परत येऊ.

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांनाच आपण मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांत नवेगाव बांध सगळ्यांना माहीत आहे. या तलावांची रचना नीट पाहिली तर ते सुटे सुटे नाहीत. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या बोडीत, तिथून बांध्यांतून नाल्यात, नाल्यातून पुढच्या तलावात, आणि शेवटी गाढवी किंवा चुलबंद नदीत. पाणी या साखळीतून उतरतं आणि मासा त्याच साखळीतून चढतो. वर्षाचे दहा महिने हे तलाव एकमेकांपासून तुटलेले असतात. पावसाळ्यातले मोजके दिवसच ते जोडले जातात. उन्हाळ्यात एखादी बोडी आटली आणि तिच्यातला मासा संपला, तरी पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा भरते ती या जोडणीमुळेच.

ही जोडणी तोडायला फार काही लागत नाही. सांडव्याखाली सिमेंटची उभी पायरी केली आणि पायथ्याशी डोह ठेवला नाही, की झालं. नाल्यावरच्या रपट्यात अरुंद नळ्या टाकल्या, दोन पावसाळ्यांत नळीच्या तोंडाखालची माती वाहून गेली आणि नळी जमिनीपासून हातभर वर लटकली, की झालं. सॅमन कदाचित उडी मारेल. आपले बहुतेक मासे तेवढी उडी मारणारे नाहीत. नाल्यात बेशरम माजलं, तरी वाट बुजते. रस्ता नको, रपटा नको असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात ज्या गावाचा संपर्क तुटतो तिथून चालत शाळेत येणाऱ्या लेकरांना मी ओळखतो. पण नळी थोडी मोठी आणि तळाच्या खाली थोडी गाडलेली असली, तर तिच्यात वाळू-दगड बसतात, नाल्याचा तळ आतून तसाच पुढे जातो आणि माशाला कळतही नाही की वर रस्ता आहे. पाश्चात्त्य देशांत सॅमनच्या नद्यांवर आता मोऱ्या बांधताना हे बघतात.

मोठं धरण ही वेगळीच गोष्ट. आपल्याकडे गाढवी नदीवर इटियाडोह आहे. त्याने शेतीला काय दिलं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पण माशाच्या बाजूने बघितलं तर दोन गोष्टी होतात. पहिली सरळ आहे, वाट बंद. दुसरी पटकन लक्षात येत नाही. धरण आधी स्वतःचं पोट भरतं. जून-जुलैचे पहिले पूर जलाशयातच मुरतात आणि सांडव्यावरून पाणी वाहतं ते धरण भरल्यावर, म्हणजे बरंच उशिरा. खालच्या नदीला बाजूचे नाले थोडाफार निरोप देतात, पण मुख्य नदीचा पहिला पूर, ज्याच्यासाठी मादी अंडी घेऊन तयार असते, तो वेळेवर येत नाही. उशिरा सांडवा वाहू लागला की मासे त्याच धारेकडे धावतात, कारण मासा जोराच्या प्रवाहाकडे वळतो हा त्याचा स्वभाव आहे. समोर भिंत आहे हे त्याला कसं कळणार? जगभर धरणांच्या पायथ्याशी मासे असेच गोळा होतात. जिथे माशांसाठी जिना बांधलाय तिथेही जिन्यातून येणारी धार क्षीण असली, तर मासे जिना सोडून मोठ्या धारेपाशीच डोकं आपटत बसतात.

आपल्या गाढवीचं पाणी वैनगंगेत जातं, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नकाशावर मुलांना बोट फिरवायला लावा. समुद्रातून चढून येणारा हिलसा मासा गोदावरीत पूर्वी बराच वर यायचा. ऑर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधारा बांधला आणि त्याच्या मार्गात मोठा अडथळा आला. गंगेतही तेच, हिलसा एकेकाळी अलाहाबादच्याही वर जायचा, १९७५ मध्ये फराक्का बराज सुरू झाल्यावर वरचे कोळी त्याला पारखे झाले. गोदावरीत एक झिंगा आहे, ज्याच्या पिल्लांना जन्मल्यावर खाडीचं मचूळ पाणी लागतं आणि मग ती चिमुकली पिल्लं काठाकाठाने नदी चढतात. आज खालून निघालेल्या पिल्लाला वाटेत धवळेश्वरम आहे, प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डा आहे, आपल्या वैनगंगेवर चिचडोह आहे, आणि मध्ये आणखीही आहेत. बोट फिरवताना मुलं प्रत्येक ठिकाणी थांबतात. एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, तो झिंगा दर वेळी तिकीट काढते का?"

तिकडे अमेरिकेत उलटंही झालं. एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली, क्लामथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढून झाली आणि त्याच शरदात सॅमन वरच्या भागात दिसले. आपण हे जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाही. तिकडची ती धरणं जुनी वीज बनवणारी होती, इथे धरणावर धान आहे. पण गावच्या सांडव्याचं, रपट्याच्या नळीचं काय करायचं हे गावात ठरू शकतं.

आणि चढणीच्या माशाला मारण्याचं काय? हा विषय पालकांसमोर काढताना मला अवघडल्यासारखं होतं. पहिल्या पुरातला मासा ही कित्येक घरांची वर्षाची हौस आहे, ढिवर कुटुंबांचं तर पोटच त्यावर आहे. मीही लहानपणी सांडव्याखाली टोपली धरून उभा राहिलोय आणि आईने चिरल्यावर निघालेली पिवळी गाभोळी मिटक्या मारत खाल्ली आहे. तेव्हा मुलांना "पाप लागतं" वगैरे मी सांगत नाही. मी त्यांना एवढंच दाखवतो, की चढणारा मासा आणि उतरणारा मासा यात फरक आहे. चढणारी मादी अजून अंडी घालायची आहे. नाल्याची पूर्ण रुंदी अडवून कामट्यांचा आडोसा लावला, तर त्या साली वर कोणीच पोचत नाही. अर्धा नाला मोकळा ठेवला तर काही पोचतात. पाणी परतताना, पावसाळा सरताना धरलेला मासा अंडी घालून झालेला असतो आणि अंगाने भरलेलाही. हे गणित मुलांना लगेच कळतं. घरी जाऊन ती मोठ्यांना सांगतात, मग मोठी माणसं मला भेटली की हसतात, "गुरुजी, आमच्या टोपलीवर आलात का!"

वर्गात करून बघण्यासारखं काय आहे, ते सांगतो. पीव्हीसीचा हातभर पाईप उभा चिरून घ्या, म्हणजे पन्हाळ मिळेल. थोडा उतार द्या, वरून मगाने पाणी सोडा आणि कागदाचे बारीक तुकडे टाका. ते सरळ सुसाट खाली जातील. आता पन्हाळीत चार-पाच गोटे चिकणमातीने बसवा आणि पुन्हा तुकडे टाका. काही तुकडे गोट्यांमागे गोल फिरत राहतील. तो माशाचा विसावा. जिवंत मासा यात घालू नका, मुलं हट्ट करतील तरी. दुसरं, पूर ओसरल्यावर, मोठं माणूस सोबत असताना, गुडघ्याच्या खाली पाणी असलेल्या नाल्याच्या काठाने १० मीटर मोजून दोन खुणा करा. वाळलेलं पान मध्यभागी सोडून सेकंद मोजा, मग काठाशी सोडून मोजा. भागाकार मुलं आपणहून करतात. पालकहो, यासाठी पुराच्या पाण्याजवळ मुलांना सोडू नका. रपट्यावरून वाहणारं पाणी घोट्याइतकं दिसतं आणि माणूस घेऊन जातं. नाव-प्रवाहाचं गणित तिथे आपल्यालाही लागू आहे. आणि तिसरं, घरोघरी माशांची जी नावं आहेत ती आजी-आजोबांकडून लिहून आणायला सांगा. एकाच माशाची तीन गावांत तीन नावं निघतात. कोणता मासा पहिल्या पुरात यायचा आणि आता येत नाही, हेही विचारायला सांगा. जमलं तर एखाद्या ढिवर आजोबांना परिसर अभ्यासाच्या तासाला बोलवा. आमच्याकडे ते आले त्या दिवशी हजेरी पूर्ण होती.

तो मुलगा आता आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही शाळेजवळच्या रपट्याची नळी पावलांनी मोजली आणि वरच्या तोंडाने कागदी होडी सोडली. तीन आकडे मोजेपर्यंत होडी खालच्या तोंडातून बाहेर. खाली नळीचं तोंड मातीपासून वीतभर लटकलेलं होतं आणि पाण्यात बोटाएवढे मासे पुन्हा पुन्हा वर उसळून नळीच्या काठावर आपटत होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग खाली उतरला, आजूबाजूचे मोठे दगड उचलून नळीच्या तोंडाखाली रचू लागला आणि आणखी चौघं त्याला येऊन मिळाली. अर्ध्या तासात नळीखाली पाणी तुंबून छोटा डोह झाला आणि पाण्याची पातळी नळीच्या काठाला लागली. त्यातला कोणता मासा वर गेला, गेला की नाही, हे गढूळ पाण्यात आम्हाला दिसलं नाही. पण उसळून आपटणारे मासे मात्र तिथे नंतर दिसले नाहीत. दगड पुढच्या मोठ्या पावसात वाहून गेले. या वर्षी ते आधीपासूनच जमवून ठेवायचे आहेत, असं त्याने मला परवा वर्गाच्या दारात उभं राहून बजावलं.